तेल मुरलेल्या भातजमिनीवर जिवाणूंची पावडर मारावी का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या दक्षिणेला एका शेतकरी कुटुंबाची दीड एकर भातजमीन आहे. बांधाला लागून एक वर्कशॉप, आणि त्यांच्या भट्टीच्या तेलाची टाकी गळून गेल्या पावसाळ्यापासून तेल शेतात उतरलंय. बांधाकडचा तीनेक गुंठ्यांचा पट्टा काळपट झाला, तिथलं भात पिवळं पडून बसलं, विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसतोय. आता एक विक्रेता 'तेल खाणारे जिवाणू' म्हणून पावडरची पोती देऊ करतोय आणि म्हणतोय, एकदा मारा, तीन आठवड्यांत जमीन पहिल्यासारखी. हे खरं का? आणि खरं नसेल तर करायचं काय?

मी बावीस वर्षं याच कामात आहे. जिवाणू तेल खातात हे शंभर टक्के खरं आहे. तीन आठवड्यांत जमीन पहिल्यासारखी होते हे खरं नाही. आणि ज्या जिवाणूंसाठी तुम्ही पैसे मोजणार आहात त्यांचे भाऊबंद तुमच्या त्या काळ्या पट्ट्यात आत्ताही आहेत. तिसरी गोष्ट नीट समजली तर तुमचा पैसा आणि पावसाळा दोन्ही वाचेल, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे पश्चिमेला, खानापूरच्या बाजूने, जांभ्याच्या लाल जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात लोह भरपूर असतं. अशा पाण्यावर लोह-जिवाणूंची एक पातळ साय धरते आणि उन्हात ती अगदी तेलासारखी इंद्रधनुषी चमकते. घाबरून मला फोन केलेले कितीतरी लोक प्रत्यक्षात हीच साय बघत होते. काडी घ्या आणि तवंग मधोमध हलवा. लोहाची साय असेल तर काचेच्या कपच्यांसारखे तिचे तुकडे होतात आणि ते तसेच तरंगत राहतात. तेल असेल तर काडीमागे लगेच पुन्हा मिटून एकजीव होतं. तुमच्या शेतात तेल आहे यात शंका नाही, खरं विहिरीत काय आहे ते या काडीनं आजच बघून घ्या.

तेलच निघालं तर त्या विहिरीवरची मोटर काही दिवस बंद ठेवा. पाणी उपसत गेलात की भोवतालच्या जमिनीतलं तेल विहिरीकडे ओढलं जातं. आणि वास येत असेल तर कुणी आत उतरू नका, काठावर बिडीसुद्धा पेटवू नका.

दुसरं काम टाकीचं. गळती चालू असताना मातीवर केलेला कुठलाही उपाय वाया जातो. टाकीतल्या तेलाची उंची संध्याकाळी पट्टीनं मोजायची, रात्रभर भट्टी बंद, सकाळी परत मोजायची. फरक पडला तर टाकी नाहीतर पाइप गळतोय. हे मालकाच्या समोर, दोन माणसं साक्षीला घेऊन करा. त्याच वेळी तेलाचा प्रकार विचारून ठेवा. डिझेल, एलडीओ म्हणजे हलकं डिझेल तेल, फर्नेस ऑइल म्हणजे भट्टीचं जाड तेल, की गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल? माझं सगळं पुढचं उत्तर यावर फिरतं.

आता मातीत काय चाललंय ते सांगतो.

चांगल्या शेतातल्या चिमूटभर, म्हणजे ग्रॅमभर मातीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात. त्यात तेल खाऊ शकणारे हजारात एखादेच. स्यूडोमोनास, ऱ्होडोकोकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही त्यातली नेहमी भेटणारी घराणी. त्यांना तेल नवीन नाही. पानांवरचं मेण, बियांमधलं तेल, झाडांचे चीक हे सगळं कोट्यवधी वर्षं मातीत पडत आलंय आणि कुणीतरी ते पचवत आलंय. तुमच्या शेतात तेल उतरलं तेव्हा बाकीचे बरेच जिवाणू मेले किंवा गप्प झाले, आणि हे हजारातले एक भराभर वाढायला लागले. काही आठवड्यांत त्यांचं प्रमाण दहात एक इतकंही होतं.

ते खातात कसे? जिवाणू तेलाच्या थेंबाला जाऊन चिकटतो. काही जाती साबणासारखा एक पदार्थ सोडतात, त्यानं थेंब फुटून बारीक होतो. मग जिवाणूच्या अंगातलं विकर (एन्झाइम) तेलाच्या लांब साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं. इथं साखळीचं अल्कोहोल होतं, पुढं आम्ल होतं, आणि मग त्या आम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. आमटीतलं शेंगतेल आपलं शरीर जसं जाळतं, तशीच ही शेवटची पायरी. उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि वाढलेले जिवाणू.

त्या पहिल्या पायरीवर लागणारा ऑक्सिजन हवेतून येतो. इथंच भातजमिनीचं दुखणं आहे. एक किलो तेल पूर्ण जाळायला तीन ते साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण बारा घनमीटर हवा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला फार तर आठ मिलिग्रॅम. वाफ्यात पाणी तुंबलं की मातीतल्या पोकळ्या बंद होतात आणि एक-दोन दिवसांत होता तो ऑक्सिजन संपतो. त्यानंतर तेल पचायचं काम जवळजवळ थांबतं. तुमच्या शेतात गेल्या पावसाळ्यात हेच झालं. जिवाणू होते, खाद्य समोर होतं, श्वास नव्हता.

भात पिवळं का पडलं तेही यातच आहे. तेल लागलेल्या मातीच्या कणांवर पाणी चढत नाही. उन्हाळ्यात त्या पट्ट्यातलं कोरडं ढेकूळ घ्या, बोटानं त्यावर पाण्याचा थेंब सोडा. अळूच्या पानावर राहतो तसा तो गोल होऊन बसेल. मुळांना ओलावा मिळत नाही हे एक. दुसरं असं की तेलात कार्बन भरपूर आणि नत्र जवळजवळ शून्य. वाढणाऱ्या जिवाणूंना आपलं अंग बांधायला नत्र हवं, ते मातीतलं सगळं नत्र ओढून घेतात आणि भाताच्या वाट्याला काही ठेवत नाहीत. म्हणून पान पिवळं. तुम्ही विषबाधा समजलात, ती काही अंशी होतीच, खरं निम्म्याहून जास्त ती उपासमार असते. आणि एका अर्थानं तो पिवळेपणा म्हणजे जिवाणूंनी काम सुरू केल्याची खूण आहे.

पावडरबद्दल थोडं मागचं सांगायला हवं, कारण विक्रेते त्याचाच आधार घेतात. आनंदमोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञानं १९७१ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना तेलाचे अनेक घटक खाणारा एक स्यूडोमोनास घडवला. त्याच्या पेटंटचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो जिंकला. सजीवावर पेटंट मिळू शकतं हे त्या निकालानं ठरलं. तो जिवाणू मात्र उघड्या जमिनीवर किंवा समुद्रात कधी वापरला गेला नाही. नऊ वर्षांनी, मार्च १९८९ मध्ये, अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाज फुटून किनारे काळे झाले, तेव्हा तिथं काय केलं? किनाऱ्याच्या दगडगोट्यांवर नत्र आणि स्फुरदाचं खत फवारलं. जिवाणू तिथलेच. खत मिळाल्यावर त्यांचा वेग वाढला. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि माझी या कामाकडे बघायची नजरच बदलली.

तयार जिवाणू निरुपयोगी असतात असं मी म्हणत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेनं जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं 'ऑइलझॅपर' तयार केलं. मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेला तो मिश्र जिवाणूंचा संच आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांचा आणि तेलविहिरींचा गाळ साफ करायला तो वापरतात. पुढं ओएनजीसी आणि टेरीची त्यासाठी संयुक्त कंपनीही झाली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथं ते पावडर मारून निघून जात नाहीत. खड्डा, अस्तर, खत, नांगरट, ओलावा, महिन्या-महिन्याला तपासणी असं सगळं त्याच्यासोबत असतं. पोत्यातून फक्त जिवाणू येतात. बाकीचं कष्टाचं काम पोत्यात बसत नाही, आणि निकाल त्या कामानं लागतो.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक सांगतो. कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. खानापूर रस्त्याकडच्या एका कारखान्याच्या आवारात फर्नेस ऑइल मुरलेली माती होती. आम्ही प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवाणूंचं कल्चर ड्रममधून नेलं, मातीत मिसळलं, उघड्यावरच चांगला पुरुषभर उंचीचा ढीग घातला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. त्या वर्षी पावसानं उसंत दिली नाही. दसऱ्याला ढीग फोडला तर आतून सडक्या अंड्यासारखा वास आला. माती राखाडी-काळी, चिकट, लाडवासारखी घट्ट. तेलाचं प्रमाण तपासलं तर होतं तिथंच. ऑक्सिजन संपल्यावर आत वेगळेच जिवाणू माजले होते आणि आमचं कल्चर केव्हाच मेलं होतं. मालकाचे पैसे आणि चार महिने गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. मग त्याच मातीत साखर कारखान्याचं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, मिसळलं, ढीग पसरून कमरेच्या खाली आणला, वर ताडपत्रीचा मांडव घातला, खत दिलं. नवीन जिवाणू एक थेंबही घातला नाही. तिसऱ्या आठवड्यात फावडं मारलं की आतून ऊब लागायची आणि वास बदलला होता. डांबरी वास कमी होऊन पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास त्यात मिसळला होता.

तेव्हा तुमच्या शेतात मी काय करेन ते सांगतो.

फावडं लावायच्या आधी कागद. जमीन आहे त्या अवस्थेत फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या कार्यालयात तक्रार द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, पोच घ्या, मराठी प्रत आपल्या फायलीत ठेवा. साफसफाई आधी आणि तक्रार नंतर केलीत तर पुरावाच उरत नाही. ज्यानं घाण केली त्यानं खर्च द्यायचा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या, राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषणाच्या प्रकरणात ठणकावून सांगितलंय. २०१० च्या कायद्यानं आलेल्या हरित लवादाकडेही भरपाई आणि जमीन पूर्ववत करून मागता येते, कर्नाटकासाठी त्याचं दक्षिण खंडपीठ चेन्नईला आहे. शेजारी आहे, रोजचं तोंड बघायचंय, म्हणून बरेच जण हे टाळतात. मी सांगेन की शेजाऱ्याशी आधी बोला, खर्च त्यानं उचलायचा असं लेखी ठरलं तर उत्तमच, पण पंचनामा तरीही करा. आणि तेलकट माती ट्रॉलीत भरून नाल्याकाठी नेऊन टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टाकीच्या तळाचा तेलकट गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो, आणि नियम बाजूला ठेवला तरी ती घाण दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीत उतरणार असते.

मग खोली शोधा. हातगिरमिटानं, ते नसेल तर पहारीनं, दहा-दहा पावलांवर भोकं पाडा. प्रत्येक वीतभर खोलीची मूठभर माती काढून हुंगा आणि वहीत लिहा. लाल जांभ्यात तेल भेगा-भोकांतून सरळ खाली पळतं. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत ते उन्हाळी भेगांमधून उतरतं आणि पावसात भेगा मिटल्या की आत कोंडून राहतं. तुमची भाताची जमीन असल्यामुळे चिखलणीनं खाली एक घट्ट थर झालेला असतो, आणि तो या वेळी तुमच्या कामाला येतो. बऱ्याचदा तेल त्याच्यावरच अडतं. तो थर कुठं आहे ते बघा आणि तो फोडू नका.

तीन गुंठे फूटभर खोल धरले तर साधारण ३३ ब्रास माती होते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सगळी उचलायची नाही. टाकीजवळची जी काळी, हाताला तेल लागणारी माती आहे तेवढीच काढून ढीग घाला, बाकीची जागेवरच नांगरून सुधारेल. ढिगाखाली शेततळ्याचा जाड कागद अंथरा, त्याला एका बाजूला उतार आणि टोकाला छोटा खड्डा. जे पाणी झिरपेल ते तिथून काढून परत ढिगावरच शिंपडायचं. ढिगाची उंची दोन-अडीच फूट, त्याहून जास्त नको. वर बांबूवर ताडपत्री, बाजू मोकळ्या.

मातीत पोकळी आणायला भाताचं तूस किंवा बगॅस, चार पाट्या मातीला एक पाटी. दोन्ही आपल्याकडे मुबलक, चिकोडी-निपाणीकडे तर बगॅसला तोटा नाही. चांगलं कुजलेलं शेणखत थोडं घाला. ताजं शेण नको. ताजं शेण म्हणजे जिवाणूंसमोर गोडाचं ताट, ते तेलाकडे बघत नाहीत.

खताचा हिशेब जरा सविस्तर करतो, कारण इथं बहुतेकांचा हात सैल सुटतो. एक ब्रास तेलकट माती चार टन धरा. तेल दोन टक्के असेल तर ८० किलो. त्यात कार्बन सुमारे ६८ किलो. शंभर कार्बनला दहा नत्र आणि एक स्फुरद हे नेहमीचं प्रमाण धरलं तर ६.८ किलो नत्र आणि पाऊण किलोच्या आत स्फुरद लागेल, म्हणजे साडेतीन किलो डीएपी आणि १३-१४ किलो युरिया. आता हे एकदम टाकलंत तर मातीतल्या ओलाव्यात क्षार इतके वाढतात की जिवाणूंना पाणीच ओढता येत नाही, वर अमोनियाचा वास सुटतो तो वेगळा. म्हणून पाच हप्ते करा. एका हप्त्याला ब्रासमागे अडीच-पावणेतीन किलो युरिया आणि पाऊण किलोला थोडं कमी डीएपी, पाण्यात विरघळवून झारीनं. तीन आठवडे थांबा, मग पुढचा. शेवटचे एक-दोन हप्ते बहुधा लागतच नाहीत, कारण मेलेल्या जिवाणूंमधलं नत्र पुढच्या पिढीला मिळतं.

लाल जमीन बऱ्याचदा आंबट असते. सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास असेल तर चुन्यानं तो साडेसहा-सातपर्यंत आणा. चुना आणि युरिया एकाच आठवड्यात नको, नत्र हवेत उडून जातं. आधी चुना, दोन आठवड्यांनी खत.

ओलाव्याला मीटर लागत नाही. मूठभर माती आवळा. गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी येता कामा नये, आणि अंगठ्यानं टोचला की गोळा फुटायला हवा. पहिले दोन महिने दर आठवड्याला ढीग उलटायचा, नंतर पंधरवड्याला. या उलटण्यानं मातीला हवा मिळते. ब्रासभर मातीच्या पोकळीत एका वेळी जेमतेम घनमीटरभर हवा मावते, आणि त्यातलं ८० किलो तेल जाळायला हजारेक घनमीटर हवा आत-बाहेर व्हावी लागते. ढीग भुसभुशीत असला तर बरीचशी आपोआप खेळते, घट्ट असला तर नाही.

जागेवरच्या मातीसाठी या वर्षी त्या पट्ट्यात भात लावू नका. बांधाला तोंड पाडून पाणी बाहेर काढायची सोय करा, पण ते वाहतं पाणी शेजारच्या वाफ्यात जाणार नाही असा आडवा चर आणि त्यात तुसाची पोती ठेवा, तेल त्यांना चिकटतं. दर पंधरा दिवसांनी रोटर फिरवा. पाऊस थोडा ओसरला की ताग किंवा धैंचा पेरा. त्यांची मुळं मातीत वाटा पाडतात आणि मुळांभोवती जिवाणूंची गर्दी वाढते. तो पाला जनावरांना घालू नका.

साबण, धुण्याची पावडर, फिनेल यांनी माती धुवायच्या फंदात पडू नका. तेल सुटतं, आणि सुटून खाली विहिरीच्या पाण्यात जातं. वरून नवीन माती टाकून झाकणं त्याहून वाईट. हवाच बंद.

पावडरची परीक्षा तुम्ही घरी करू शकता. रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरण्या घ्या. एकीत दुसऱ्या बांधावरची स्वच्छ माती, दुसरीत तेलकट माती, तिसरीत तेलकट माती आणि चिमूटभर अमोनियम सल्फेट व डीएपी, चौथीत तेलकट माती आणि विक्रेत्याची पावडर. प्रत्येकीत अर्धा किलो, ओलावा सारखा. खायच्या चुन्याची वरची स्वच्छ निवळी छोट्या वाटीत भरून ती वाटी मातीवर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. जिवाणू श्वास घेतील तसा कार्बन डायऑक्साइड सुटेल आणि निवळी दुधाळ होईल. जितकी लवकर आणि जितकी दाट, तितकं काम जोरात. युरिया बरणीत मुद्दाम नको, तो फुटतानाच स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आपली फसगत होते. पावडरच्या बरणीतही तिच्यातला भुसा कुजून निवळी दुधाळ होऊ शकते, म्हणून फक्त निवळीवर तिचा निकाल लावू नका. झाकण रोज उघडून हवा द्या, निवळी बदला, आणि दीड-दोन महिन्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या बरणीतली माती प्रयोगशाळेत देऊन तेलाचं प्रमाण बघा. मी हे पुष्कळदा केलंय. जुन्या, मुरलेल्या तेलाच्या शेतमातीत खतवाली बरणी मागे पडल्याचं मला क्वचितच दिसलं.

कल्चरचा खरा उपयोग होतो तो जिथं मातीच मेलेली आहे तिथं. नुकताच टाकलेला मुरूम, खाणीची दगडी भुकटी, किंवा तेल इतकं की माती डांबरासारखी झालीय. तुमची शेतजमीन आहे, पिढ्यान्पिढ्या शेणखत खाल्लेली. तरी मन मानत नसेल तर एक जुना उपाय सांगतो. तुमच्या डिझेल इंजिनाच्या खोपीजवळ वर्षानुवर्षं तेल गळून काळी झालेली माती असेलच. तिच्या कडेची, जिथं गवत उगवायला लागलंय तिथली, दोन-चार पाट्या माती ढिगात मिसळा. तिथले जिवाणू तेलाला आणि आपल्या हवेलाही सरावलेले असतात.

किती दिवस लागतील? डिझेल असेल तर नीट निगा राखून तीन ते सहा महिने. एलडीओला थोडे जास्त. फर्नेस ऑइल असेल तर वर्ष-दीड वर्ष धरा, आणि तेव्हाही सगळं जाणार नाही. जिवाणू सरळ साखळ्या आधी संपवतात, मग फांद्या फुटलेल्या, मग कार्बनच्या एक-दोन-तीन कड्यांची संयुगं. चार-पाच कड्यांची फार सावकाश. डांबराचा भाग जवळजवळ तसाच राहतो. सुरुवातीला प्रमाण झपाट्यानं उतरतं आणि मग अडून बसतं. तो उरलेला घट्ट भाग पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून धोका पुष्कळ कमी झालेला असतो, पण 'शून्य झालं' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि धातू कुठलाच जिवाणू खात नाही. फर्नेस ऑइलमध्ये व्हॅनेडियम आणि निकेल असतं, गॅरेजच्या जळक्या ऑइलमध्ये जस्त, शिसं. तसं तेल असेल तर धातूंची वेगळी तपासणी करून घ्या.

तपासणीत एक फसवणूक चालते ती ओळखून ठेवा. तेलकट मातीत दुप्पट चांगली माती मिसळली की आकडा आपोआप तिसऱ्या हिश्श्यावर येतो. काम झाल्याचा दाखला मिळतो, तेल तेवढंच राहतं. म्हणून नुसता एकूण तेलाचा, म्हणजे टीपीएचचा आकडा मागू नका. गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा, आलेख मागा आणि त्यात सतरा कार्बनची सरळ साखळी व प्रिस्टेन (तेलातलीच एक फांद्या फुटलेली साखळी) यांचं गुणोत्तर विचारा. दोन्ही जवळजवळ सारख्या वेगानं उडतात, माती मिसळली तर दोन्ही सारखीच कमी होतात. जिवाणू मात्र सरळ साखळी आधी खातात आणि प्रिस्टेन मागे ठेवतात. गुणोत्तर उतरलं तर जिवाणूंनी काम केलंय. तसंच राहिलं आणि आकडा मात्र उतरला, तर कुणीतरी माती मिसळलीय किंवा तेल नुसतं उडून गेलंय. नमुना काचेच्या बाटलीत, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, बर्फाच्या डब्यातून न्यायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीतला नमुना मी घेतच नाही.

शेवटी शेतकऱ्याची तपासणी आहेच. दोन पसरट भांडी, एकात सुधारलेली माती, एकात चांगली. दोन्हींत पन्नास-पन्नास मूग पेरा. दहाव्या दिवशी उगवण मोजा, रोपं उपटून मुळांची लांबी शेजारी-शेजारी ठेवून बघा. मुळं आखूड, टोकाला तपकिरी, जाड झालेली दिसली तर अजून थांबा. तेलामुळे येणारा आखूडपणा पानांवर दिसायच्या आधी मुळांवर दिसतो. ढिगात गांडुळं आपणहून आली की मी निम्मा निर्धास्त होतो. तरीही पहिल्या हंगामाचा तांदूळ घरात खाण्याआधी एकदा तपासून घ्या. आपल्या भागाचा बासमती वासावर विकला जातो, त्यात दुसरा कुठला वास नको.

वळवाच्या पावसाआधी ढीग आणि मांडव झालेला हवा, एवढी घाई मात्र आहे. तेलाचा प्रकार, मातीचा सामू आणि गिरमिटाच्या भोकांची वही कळवलीत तर चुना किती आणि ढिगात किती ब्रास घ्यायची याचा हिशेब मी करून देतो.